अर्ध्या तासाचे तीन तुकडे

ठाणे जिल्ह्याला रात्र ही झोपेची वेळ म्हणून फार वर्षे माहीत नाही. वागळे इस्टेट उभी राहिली, अंबरनाथ-डोंबिवलीत रसायनांचे कारखाने आले, शहाडला रेयॉनचे सूत निघू लागले, तेव्हापासून इथल्या चाळीचाळींत दिवसा झोपणारी माणसे आहेत. बॉयलर संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. कल्याण जंक्शनात तर दिवस आणि रात्र यांत फरक फक्त दिव्यांचा. पुढे बरेच कारखाने बंद पडले आणि ऐरोलीला काचेच्या इमारती आल्या. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. तिथल्या दिवसाचे काम इथे रात्री होते. त्यामुळे डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी पहाटे सहाला उभे राहिले, तर फिरायला निघालेले आजोबा आणि कामावरून परतणारी नात एकाच वेळी दिसतात.

रात्रपाळी मी बँकेत असताना पाहिली आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईत यंत्रावर धनादेश वाचण्याची पद्धत आली आणि बँकांच्या सर्व्हिस ब्रँचमध्ये संध्याकाळपासून मध्यरात्रीच्या पुढेपर्यंत गठ्ठे लावायचे काम सुरू झाले. (२०१३ पासून मुंबईत धनादेशाऐवजी त्याची प्रतिमाच जाऊ लागली आणि ती धावपळ इतिहासजमा झाली.) त्या रात्रींत बाराच्या सुमारास सगळ्यांचे डबे एकदम उघडत, दोनला चहा आणि बिस्किटे, चारला खालच्या टपरीवरचा गरम वडा. भूक असो वा नसो, जागे राहायचे तर तोंड हलते पाहिजे, असा एक अलिखित नियम होता. दोन-तीन वर्षांत आमच्या पँटी शिंप्याकडे कंबर सैल करायला जात. त्याला आम्ही ‘क्लिअरिंगचे पोट’ म्हणत असू आणि हसत असू.

त्यातले शास्त्र आता पुष्कळ कळले आहे. शरीराला स्वतःचे घड्याळ असते, पेशीपेशीत असते. ते कसे चालते हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. हे घड्याळ रात्री शरीराला ‘आता दुकान बंद’ असे सांगते. तेव्हा खाल्लेल्या अन्नातली साखर दिवसाइतकी सहज पचनी पडत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत एकोणीस निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखे जागवून पाहिले. ज्यांना रात्री जेवण दिले त्यांची रक्तातली साखर चढली. जागरण तेवढेच, पण जेवण दिवसाच, अशांची चढली नाही. प्रयोग छोटा आहे, तरी आमच्या वड्याचा हिशेब त्यात बरोबर लागतो.

आता या जुन्या रात्रीत एक नवा माणूस आला आहे. त्याने वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली आहे आणि महिना-दीड महिन्याने तो परत त्याच पाळीवर हजर झाला आहे.

ही शस्त्रक्रिया आपल्याला माहीत झाली ती मोठ्या बातम्यांतून. २०११ मध्ये, भाजपचे अध्यक्ष असताना, नितीन गडकरी यांनी ती मुंबईत करून घेतली. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मालवाहू विमानाने मुंबईत आणले गेले, तेव्हा त्यांचे वजन पाचशे किलोच्या घरात सांगितले जात होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबूधाबीत त्यांचे निधन झाले. आणि मुंबई महापालिकेच्या निवडणुकीच्या दिवशी, त्याच फेब्रुवारीत, शोभा डे यांनी एका स्थूल पोलिसाचे छायाचित्र थट्टेच्या ओळीसह जगापुढे ठेवले. ते निरीक्षक मुंबईचे नव्हतेच, मध्य प्रदेशचे होते. वजन आजाराने वाढले आहे, असे त्यांनी सांगितले आणि पुढच्याच महिन्यात मुंबईत येऊन शस्त्रक्रिया करून घेतली. वजन बरेच उतरले. थट्टा ते शस्त्रक्रिया एवढी गोष्ट वर्तमानपत्रांनी सविस्तर दिली. नंतर ठाण्यावर, बंदोबस्तावर, अवेळी माणूस काय खातो आणि केव्हा, हा भाग बातमीत येत नाही. तो घरात आणि कामाच्या जागी घडतो.

माझी भाची डोंबिवली पूर्वेला राहते. वय चौतीस. ऐरोलीच्या एका कार्यालयात अमेरिकेतल्या रुग्णालयांची बिले तपासते. पाळी रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच. एकोणतिसाव्या वर्षी मधुमेह निघाला, झोपेत श्वास अडकू लागला, वजन ११८ किलो. दोन वर्षांपूर्वी तिची ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया झाली. तीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. ‘बायपास’ नावाचा दुसरा प्रकार आहे, त्यात जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडतात. १९६६ मध्ये अमेरिकेत डॉ. एडवर्ड मेसन यांनी तो सुरू केला.

“नोकरी बदल, दिवसाची घे,” हे तिला सगळ्यांनी सांगितले. मी बँकेतला माणूस, मी तिचे आकडे पाहिले. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय चाळीस किंवा जास्त असेल, किंवा पस्तीस असून सोबत मधुमेहासारखे गंभीर आजार असतील, तरच या शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिला विम्यातून काही रक्कम मिळाली, उरलेल्यासाठी कर्ज काढले. त्याचा हप्ता रात्रपाळीच्या भत्त्यातून जातो. शस्त्रक्रियेचे पैसे रात्र फेडते आहे. मग रात्र सोडायची कशी?

शस्त्रक्रियेनंतरचे नियम ऐकायला सोपे आहेत. एका वेळी छोटी वाटीभर खायचे, पण दिवसातून पाच-सहा वेळा. घास बारीक चावायचा, वीस मिनिटे तरी लावायची. रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि केस गळतात. पाणी दीड-दोन लिटर, तेही घोटघोट. जेवताना नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. गोड एकदम खाल्ले तर, विशेषतः बायपास झालेल्यांना, छाती धडधडते, घाम फुटतो, हातपाय कापतात. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ यांच्या गोळ्या जन्मभर. त्यातही लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नाही.

वाचकांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा घड्याळ समोर ठेवून वाचावा. हे पथ्य म्हणजे एक वेळापत्रक आहे आणि रात्रपाळी ते उलटेपालटे करते. शरीराचे घड्याळ म्हणते, रात्री खाऊ नकोस. लहान झालेले जठर म्हणते, एका वेळी फार जमणार नाही, थोडे थोडे देत राहा. सगळे दिवसाच भरून घ्यावे तर दिवसा झोपायचे असते. या दोन्ही मागण्या खऱ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये ती माणसे उभी असतात.

भाचीने आपल्या आहारतज्ज्ञ बाईंबरोबर बसून तडजोड काढली. मुख्य जेवण संध्याकाळी सातला, घरी. रात्री तीन छोटे डबे: उकडलेले अंडे किंवा पनीर, मुगाचे घट्ट वरण, दही. पोळी-भात रात्री नाही. चहा बारापर्यंत एकच, म्हणजे सकाळची झोप उडत नाही. घरी आल्यावर हलके काही खाऊन तासभर बसायचे आणि मग आडवे व्हायचे, कारण या शस्त्रक्रियेनंतर आम्लपित्त वर येण्याचा त्रास अनेकांना होतो. मधुमेहाच्या गोळ्यांची मात्रा आणि वेळ डॉक्टरांनी नव्याने बांधून दिली. वजन उतरले की साखरही उतरते, आणि जुनी मात्रा चालू ठेवली तर पहाटे चारला साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोके दुखले म्हणून शेजारच्या टेबलावरची वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, कारण काही गोळ्यांनी अशा पोटाला व्रण पडतात. बायपासवाल्यांना तर फारच जपावे लागते. हे तिचे वेळापत्रक आहे, सर्वांचे नव्हे. ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांकडून बांधून घ्यावे, आणि घेताना आपली पाळी कोणती हे पहिल्याच भेटीत सांगावे. कागदावरचे पथ्य बहुतेक वेळा सकाळची न्याहारी आठला, असे गृहीत धरून लिहिलेले असते.

इतके करूनही गाडी अडली ती एका क्षुल्लक जागी. तिच्या कार्यालयात जेवणाची सुट्टी एकच, साडेबारा ते एक. बाकी वेळ खुर्ची सोडली की संगणकावर नोंद होते. अर्ध्या तासात तिचा एकच छोटा डबा संपे, पाणी पुढे ढकलले जाई, दुसरे दोन डबे तसेच घरी परत. महिन्याभरात अशक्तपणा आला, जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी. तिने वरिष्ठांना सांगितले, तर उत्तर मिळाले, “एकाला दिले की सगळे मागतील.”

ती मला म्हणाली, “मामा, मला जास्त सुट्टी नकोच आहे. तीसच मिनिटे द्या, पण दहा-दहाची तीन करून.”

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहितो आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी घातली. त्या काळी ती मोठी गोष्ट होती. पण त्या अर्ध्या तासाने एक गोष्ट गृहीत धरली होती: माणूस एका बैठकीत पोटभर जेवू शकतो. आज कामावर येणाऱ्यांत असे लोक आहेत ज्यांना ते जमत नाही, आणि ते केवळ शस्त्रक्रियावाले नाहीत. मधुमेही आहेत, गरोदर स्त्रिया आहेत, व्रणाचे जुने रुग्ण आहेत. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रियांना, त्यांच्या संमतीने, रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम करण्याची वाट मोकळी केली आणि सुरक्षेची, घरी पोचवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. म्हणजे गाडी भाचीच्या दारापर्यंत आली. तिच्या डब्यापर्यंत मात्र कोणी पोचले नाही.

मालकांच्या बाजूचेही ऐकले पाहिजे. ज्या कामात एकाची जागा दुसऱ्याने घेतल्याशिवाय उठता येत नाही, तिथे तीन सुट्ट्या म्हणजे तीन बदल्या. रसायनाच्या कारखान्यात पॅनेलसमोरचा ऑपरेटर किंवा अतिदक्षता विभागातली परिचारिका मनात आले म्हणून उठू शकत नाही. तिथे बदली माणसाची सोय आधी लावावी लागेल, आणि तिला खर्च आहे. पण बिले तपासणाऱ्या, फोन घेणाऱ्या, नोंदी करणाऱ्या हजारो खुर्च्यांवर हा खर्च शून्य आहे. तीस भागिले तीन बरोबर दहा; बेरीज तीसच राहते. उलट अशक्त माणसाने पहाटे चारला केलेली चूक शोधायला दिवसपाळीतल्या दोघांना किती तास लागतात, हे ज्यांनी जमाखर्चाचा ताळा जुळवला आहे त्यांना विचारावे.

दुसरी गोष्ट पाळी बदलण्याची. आठवड्याला पाळी फिरली की शरीराचे घड्याळ कुठेच लागत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत शक्यतो दिवसपाळी मिळावी. ते न जमल्यास निदान एकच पाळी सलग मिळावी. वैद्यकीय दाखल्यावर हे देणे कोणत्याही कार्यालयाला अवघड नसावे. युनियन जिथे उरल्या आहेत त्यांनी बोनसच्या यादीत शेवटी का होईना, ही मागणी घालावी.

आणि तिसरी गोष्ट आपल्या घरातली. आपल्याकडे प्रेम वाढून दाखवायची पद्धत आहे. “एक घास माझ्यासाठी” हे वाक्य ज्या जठरात पाच घासांचीच जागा आहे तिथे प्रेमाचे राहत नाही. कार्यालयात बाराच्या ठोक्याला वाढदिवसाचा केक येतो, नाही म्हटले की “एवढा माज कशाला” असे ऐकावे लागते. शस्त्रक्रिया केली म्हणजे सोपी वाट धरली, असे मानणारे तर पुष्कळ आहेत. ज्या वाटेवर जन्मभर गोळ्या, मोजून घोट आणि मोजून घास आहेत तिला सोपी म्हणायला धाडस लागते.

भाचीच्या घरी हे तिच्या सासूबाईंनी ओळखले. त्यांनी खिडकीला जाड काळा पडदा शिवला, घंटेजवळ ‘दुपारी दोननंतर यावे’ अशी पाटी लावली, आणि कुकर सकाळी सहाच्या आतच लावून टाकायला सुरुवात केली, म्हणजे सुनेच्या झोपेत शिट्टी नको. आल्यागेल्याने “अजून झोपलीय?” असे विचारले की त्या म्हणतात, “तुम्ही रात्री दोनला झोपलेले असता तेव्हा ती विचारते का?” मोठा उपदेश न करता एका बाईने एका घराचे घड्याळ फिरवले.

कार्यालयातही शेवटी थोडे हलले. डॉक्टरांचा दाखला, दोन अर्ज, आणि तिच्यासारखाच मधुमेह असलेल्या तिघा सहकाऱ्यांच्या सह्या, एवढ्यावर त्यांना दहा-दहा मिनिटांच्या तीन सुट्ट्या मिळाल्या, तीन महिन्यांच्या बोलीवर. मुदत संपली तेव्हा ती बंद करायची आठवण कोणालाच राहिली नाही, कारण कामाचे काही बिघडलेच नव्हते.

शल्यविशारद दोन तासांत पोट लहान करू शकतो. रात्र लहान करणे त्याच्या हातात नाही. तिचे तुकडे पाडून ती सोसण्याजोगी करणे मात्र रोस्टर लिहिणाऱ्याच्या हातात आहे, आणि डबा भरणाऱ्याच्याही. या आठवड्यात ज्यांच्यासमोर असा एखादा अर्ज येईल, त्यांनी सही करण्यापूर्वी ‘सगळे मागतील’ हा विचार जरूर करावा. मग सगळ्यांनी मागितले तर नेमके काय बिघडते, तेही कागदावर मांडून पाहावे.