तळघरातले बिऱ्हाड

लंडनमधील व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या, एकमेकींना लागून ओळीने बांधलेल्या घरांच्या दर्शनी कठड्यावरून खाली डोकावले, तर रस्त्याच्या पातळीखाली एक अरुंद फरसबंद चौक, त्यात उतरणारा लोखंडी जिना आणि जिन्याच्या पायथ्याशी एक निराळा दरवाजा पुष्कळदा दृष्टीस पडतो. पूर्वी तेथे स्वयंपाकघर आणि कोळशाची कोठी असे व घरचे नोकर दिवसभर राबत; आज त्याच जागेत एक स्वतंत्र बिऱ्हाड बसवून भाडे मिळवावे, असा विचार मालकाच्या मनात आला की त्याला स्थानिक कौन्सिलच्या नियोजन खात्याकडे रीतसर अर्ज करावा लागतो. माझ्या मिळकतीच्या चार भिंतींच्या आत मी काय करतो याच्याशी सरकारला काय कर्तव्य, हा त्याचा सवाल वरवर रास्त वाटला तरी मला तो मुळीच मान्य नाही.

जमिनीची मालकी मालकाकडेच ठेवून तिचा विकास करण्याचा हक्क तेवढा सार्वजनिक परवानगीच्या अधीन करावा, हे तत्त्व ब्रिटनने 1947 च्या कायद्याने स्वीकारले. आणि एका घराची दोन बिऱ्हाडे करणे म्हणजे वापरातील महत्त्वाचा बदल होय, असे 1990 च्या कायद्याच्या कलम 55 ने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. म्हणून घरातला मुलगा तळघरात निजू लागला तर सामान्यतः कोणी विचारीत नाही. परंतु त्याच खोलीत वेगळी चूल, वेगळी मोरी आणि वेगळे दार करून ती परक्याला दिली, तर एक वीट जागची हलली नसली तरी परवानगी लागते. हा भेद काहींना हास्यास्पद वाटतो. मला तो मार्मिक वाटतो; कारण मुलाला खाली कोंदटल्यासारखे झाले तर तो वर दिवाणखान्यात येऊन बसेल, पण भाडेकरूला वरचा मजला नाही, त्याचे जेवणखाण, आजारपण आणि रविवार सारे त्या एका जागेतच जायचे.

नियोजन अधिकारी मग जे प्रश्न विचारतात ते या भाडेकरूच्या वतीनेच होत. एका माणसाच्या बिऱ्हाडाला किमान 37 चौरस मीटर जागा आहे काय. तीन चतुर्थांश भागावर छताची उंची, लंडनच्या नियमाप्रमाणे, अडीच मीटर भरते काय. आणि मुख्य म्हणजे पाणी कोठून येईल? पुराच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात तळघरातील निवासाला इंग्लंडचे धोरण मनाई करते, आणि 2021 च्या जुलै महिन्यात लंडनमध्ये तुंबलेल्या गटारांचे पाणी अनेक तळघरांत शिरले तेव्हा ही मनाई केवळ कागदी नाही हे दिसून आले. आग लागल्यास निसटण्याजोगी खिडकी आहे की नाही हे बांधकाम-नियमांखाली पाहिले जाते, तो दाखला आणखी वेगळा.

या कायद्याचा अनुभव महाराष्ट्र शासनानेही घेतला आहे. डॉ. आंबेडकर विद्यार्थिदशेत ज्या घरात राहिले ते किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाचे घर शासनाने 2015 मध्ये स्मारकासाठी विकत घेतले. पण निवासी घराचे संग्रहालय करण्यास कॅम्डेन कौन्सिलने 2018 मध्ये परवानगी नाकारली, अपील झाले, जाहीर चौकशी झाली, आणि मार्च 2020 मध्ये ब्रिटिश मंत्र्याने ती मंजूर केली. आपल्याकडे तेव्हा पुष्कळांना राग आला. निर्णय अखेर योग्य झाला यात मला संशय नाही; तथापि एक राहते घर कमी होते ही हरकत परकीय सरकारपुढेही निर्भयपणे मांडणारे कौन्सिल मला तिरस्करणीय वाटत नाही.

त्या व्यवस्थेतही वैगुण्य आहे. विनापरवाना बिऱ्हाड चार वर्षे बिनबोभाट चालले की कौन्सिलचा कारवाईचा अधिकार संपे. एप्रिल 2024 पासून इंग्लंडात ही मुदत दहा वर्षांची झाली. ती वाढली हे बरे झाले, परंतु काळ लोटला म्हणून ओल काही सुकत नाही.

आपल्याकडे तळघर राहण्यासाठी नाही, ते वाहनांसाठी व साठवणुकीसाठी, असे नियमावली सांगते. पण भोगवटा प्रमाणपत्र हाती पडले की त्या जागेचे पुढे काय झाले हे पाहायला सहसा कोणी फिरकत नाही. 27 जुलै 2024 रोजी दिल्लीत साठवणुकीसाठी मंजूर असलेल्या तळघरात अभ्यासिका चालत होती. पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. आपल्या महापालिकांनी निदान एवढे करावे: तळघराचा मंजूर वापर इमारतीच्या दर्शनी भागी ठळक पाटीवर लिहावा, आणि दुय्यम निबंधकाने भाडेकरार नोंदवून घेताना त्याचा दाखला मागावा.