पाण्याची बचत झाली, पण वाटा कोणाला?

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शेतावर मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीने उसात कृत्रिम बुद्धिमत्ता आली. उपग्रह आणि सेन्सर सांगतात, पाणी किती द्यायचं, खत कधी द्यायचं. याला 'शाश्वत शेती' म्हणतात. आमचा तंत्रज्ञानाला विरोध नाही. धरणं, वीज आणि उद्योग यांचा आग्रह धरणाऱ्या बाबासाहेबांचे आम्ही अनुयायी आहोत. आमचा प्रश्न साधा आहे : वाचलेलं पाणी जातं कुठे?

बारामती-इंदापूर हा अवर्षणप्रवण भाग. इथे ऊस उभा आहे तो नीरा डावा कालवा आणि उजनीच्या जिवावर. आडसाली ऊस दीड वर्ष रानात राहून पाणी पितो. कालव्याखाली अति पाण्याने जमिनी चोपण झाल्या आणि वरच्या जिरायत गावांत उन्हाळ्यात टँकर फिरतात. ठिबकने वाचलेलं पाणी त्या गावांना मिळत नाही. त्यावर आणखी एक एकर ऊस लागतो. ही शाश्वतता उसाची झाली, माणसांची नव्हे.

ठिबकच्या अनुदानाला सातबारा लागतो. आमच्या वस्तीतल्या बाईकडे सातबारा नाही, खुरपं आहे. विषारी फवारणीच्या रानात तीच वाकते, पण ठिबकच्या अनुदानात ती 'लाभार्थी' नाही.

कुणी म्हणेल, जमीनच नाही त्याला पाणी कसं देणार? उत्तर शेजारच्या पुरंदरात आहे. १९७२च्या दुष्काळानंतर नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर मोजलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही हक्क आणि ऊस बंद. सेन्सर नव्हता, न्यायबुद्धी होती.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग करा आणि जमीन जातपात न बघता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला द्या, असं मांडलं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले. आज त्याच दादासाहेबांच्या नावाच्या सबळीकरण योजनेत भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. बागायती पट्ट्यात अशी जमीन किती जणांना मिळाली, हे प्रत्येक गावात विचारलं पाहिजे.

म्हणून तरुणांनो, जयंतीच्या वर्गणीइतक्याच तळमळीने आपल्या गावच्या तलाठी कार्यालयात जा. गायरान किती, महार वतनाची जमीन आज कोणाच्या कब्जात, १४ एप्रिल १९९०पूर्वीची अतिक्रमणं नियमित झाली का, याची माहिती अधिकारात नक्कल काढा. ग्रामसभेत भूमिहीनांच्या पाण्याचा ठराव मांडा. चवदार तळ्यावर आपण पाण्याचा हक्क सांगितला, तो फक्त ओंजळीपुरता नव्हता.

जमीन आणि पाणी वाटल्याशिवाय शेती शाश्वत होत नाही; शाश्वत राहते ती फक्त मक्तेदारी.

जय भीम!