गाळातले धातू आणि निकामी होणारी औषधे

प्रतिजैविके निष्प्रभ होत चालल्याची चर्चा निघाली, की आरोग्यखात्याचे बोट प्रथम रुग्णाकडे वळते. रोजंदारी बुडते म्हणून तीन दिवसांतच गोळ्या थांबवणारा मजूर, चिठ्ठीवाचून औषध घेणारी मोलकरीण, हेच जणू या अनर्थाचे जनक! औषधांचा गैरवापर होतो, हे कोणी नाकारत नाही. परंतु हे सरकारी निदान नदीच्या काठाशी येऊन थांबते. ते तेथेच का थांबते, हे पाहिले पाहिजे.

२०१७ साली ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकात मुठेच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधांना दाद न देणाऱ्या जनुकांचे सापेक्ष प्रमाण पुणे शहरातील गाळात वरच्या अंगाच्या गाळापेक्षा ३० पट आढळले. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कार्बापेनेम औषधांना निकामी करणारी जनुकेही त्यात होती, आणि धातूंना व जंतुनाशकांना तोंड देणारी काही जनुकेही शहरातच अधिक होती.

ही सारी मैलापाण्याची करणी, धातूंचा येथे काय संबंध, असे विचारले जाईल. जनुके मैलापाण्यातून आली हे खरेच. प्रश्न ती कशाच्या जोरावर टिकतात हा आहे. औषधाचे कालांतराने विघटन होते. क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त, पारा यांचे होत नाही. ते गाळात साचत राहतात. अशा गाळात धातू पेशीबाहेर फेकणारा जीवाणू तगतो, आणि काही जीवाणूंत धातू फेकणारा पंपच औषधही बाहेर फेकतो. कित्येकदा पाऱ्याला पुरून उरणारी जनुके आणि औषधाला पुरून उरणारी जनुके एकाच प्लाझ्मिडवर शेजारी असतात. एकाची निवड झाली की दुसरे फुकटात तरते. हे प्लाझ्मिड एका जातीच्या जीवाणूकडून दुसरीकडेही जाते. म्हणजे औषधाचा लवलेश नसलेल्या गाळातही औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जाऊ शकतात. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांचा येथे काय दोष?

भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात सुट्या भागांना प्लेटिंग करून देणारे छोटे कारखाने आहेत. पवनेचे पाणी दापोडीपाशी मुळेत, मुळेचे संगमावर मुठेत आणि पुढे भीमेवाटे उजनीच्या जलाशयात जाते. प्लेटिंगवाला रात्री नाल्यात पाणी सोडत असेल तर तो दोषी आहेच. पण त्याच्या जॉबवर्कचा दर कोण ठरवतो? चकचकीत भाग विकत घेणारी बडी कंपनी! त्या दरात पाणी शुद्ध करण्याचा खर्च बसवायचाच नाही, हेच तिच्या नफ्याचे एक गुपित आहे. क्रोमच्या हौदावर वाफा घेत उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या नाकाच्या पडद्याला छिद्र पडते, त्याचा हिशेबही त्यात नाही.

याच पिंपरीत १९५४ साली सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, ती गरिबाला परवडणारे पेनिसिलिन मिळावे म्हणून.

जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून पुस्तकात आहे. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा केंद्राने जानेवारी २०२० मध्ये काढला. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा नाहीशा झाल्या. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मुळा-मुठा नदीकाठ सुशोभनाची पायाभरणी मात्र थाटात झाली. काठाला दगडी साज चढला म्हणून तळाचे क्रोमियम कसे नाहीसे होणार?

तेव्हा कार्यकर्त्यांनी मागणी नेमकी करावी. दापोडी, संगम आणि मुंढवा येथील गाळाची धातू व प्रतिरोधी जनुके या दोहोंसाठी दरवर्षी तपासणी व्हावी आणि निष्कर्ष मराठीत क्षेत्रीय कार्यालयांत लावले जावेत. प्लेटिंगच्या सांडपाण्याची जबाबदारी काम देणाऱ्या मूळ कंपनीवर टाकावी, सामायिक शुद्धीकरणाचा खर्च तिच्याकडून वसूल व्हावा, आणि प्लेटिंग कामगारांची वैद्यकीय तपासणी, कंत्राटी धरून, मोफत व्हावी.