संपादकीय : सहल की धम्मयात्रा?



ओसाड पडलेली जुनी ठिकाणे धुंडाळण्याची हौस आपल्या तरुण मंडळींत वाढत आहे, ही आम्हांस समाधानाची गोष्ट वाटते. सुटीच्या दिवशी रास अल खैमातील अल जझीरा अल हमरा या निर्मनुष्य गावाकडे आपली कुटुंबे जातात. प्रवाळाच्या दगडांची घरे, जुन्या मशिदी, वारा खेचून घेणारा मनोरा पाहतात, छायाचित्रे काढतात आणि भुताखेतांच्या गोष्टी करीत परततात. परंतु हे गाव भुतांचे नाही, माणसांचे आहे. समुद्रतळाशी बुड्या मारून मोती काढणाऱ्यांचे हे गाव होते, आणि आखातातील मोत्यांची मोठी बाजारपेठ आपली मुंबई होती. १९६८ साली तेथील झाब जमातीचे लोक अबू धाबीस गेले आणि घरे रिकामी झाली. त्यांचे वंशज आजही या देशात नांदत आहेत. म्हणून ते गाव ओस पडले, तरी विसरले गेले नाही.

याच देशातील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. अबू धाबीच्या सर बनी यास बेटावर १९९२ साली सातव्या-आठव्या शतकातील एका ख्रिस्ती मठाचे अवशेष सापडले. २०१० साली ते सर्वांसाठी खुले झाले. येथील राज्याचा धर्म इस्लाम. तरीही मठाला मठच म्हटले गेले. ज्याचे जे होते, ते त्याच्या नावाने सांगितले गेले.

आता मायभूमीकडे पाहू. या किनाऱ्याचे आणि आपल्या किनाऱ्याचे नाते आजचे नाही. उम्म अल कुवैनमधील अद-दूर येथील उत्खननात इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची भारतीय बनावटीची मातीची भांडी मिळाली. त्याच काळातील एका ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण, सोपारा, चौल येथील दात्यांचे उल्लेख आहेत. ज्यांच्या दानातून लेणी उभी राहिली, त्यांत समुद्रमार्गे आलेले धनही होते.

त्या सोपाऱ्याचे पुढे काय झाले? तेथील स्तूपाचा ढिगारा लोकांच्या तोंडी ‘बुरूड राजाचा कोट’ होऊन बसला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा एकात एक बसविलेले करंडक निघाले, भोवती आठ कांस्यमूर्ती निघाल्या आणि सर्वांत आतल्या सुवर्णकरंडकात भिक्षापात्राचे तुकडे मिळाले. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांनाही लोक ‘पांडवलेणी’ म्हणत राहिले. त्या लेण्यांतील शिलालेख भिक्षुसंघाला दिलेल्या दानांची नोंद देतात, पांडवांची नव्हे. भिंती शाबूत राहिल्या, पण त्यांचे नाव सांगणारी माणसे उरली नाहीत. वास्तू खरोखर विस्मृतीत जाते ती अशी.

त्याच १८८२ साली सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. आज तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. पूर्वीचे राजे मौजेच्या आणि शिकारीच्या सहली काढीत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीच्या स्थानाचे दर्शन घेतले आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केल्या, असा त्या लेखाचा आशय आहे. श्रमण-ब्राह्मणांना आणि वृद्धांना भेटावे, दान द्यावे, खेड्यापाड्यांतील लोकांशी धम्माविषयी बोलावे, अशी ती यात्रा होती. सहल आणि धम्मयात्रा यांतील भेद सम्राटाने आपल्याच किनाऱ्यावर कोरून ठेवला होता. आपण मात्र तो वाचावयास विसरलो.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा भेद ठाऊक होता. १९३४ साली आपल्या सहकाऱ्यांसह ते वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी काही जणांनी हौदाच्या पाण्याने तोंड-पाय धुतले, एवढ्यावरून त्यांना शिवीगाळ झाली. पुढे किल्ला पाहू दिला, तोही कोणी पाण्याला शिवू नये म्हणून सशस्त्र शिपाई बरोबर देऊन. पूर्वजांचा वारसा पाहावयास जाणाऱ्यांना ही किंमत मोजावी लागली. आज आपल्यावर असा पहारा नाही. मग आपली पावले तिकडे का वळू नयेत?

रुग्णाचा पूर्वेतिहास ऐकल्यावाचून आम्ही वैद्य निदान करीत नाही. येथे जन्मलेल्या आपल्या मुलांना मात्र त्यांचा पूर्वेतिहास आपण किती सांगितला आहे? उन्हाळी सुटीत मुंबईस गेलेले मूल नवनवी दुकाने पाहून परतते. विरारच्या लोकलने नालासोपाऱ्यास उतरून स्तूप पाहून येत नाही. वरळी, नायगावच्या बी. डी. डी. चाळी पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. ज्या खोल्यांत आपल्या आजोबांनी गिरणीची पाळी संपवून सभांना जाण्याची तयारी केली, त्या खोल्यांचे क्रमांकही लवकरच कोणाला आठवणार नाहीत. पक्की घरे कुटुंबांना मिळाली, याचा आनंदच आहे. पण नोंद राहिली पाहिजे.

आणि आपले येथले घर तरी कोणाचे? नोकरी आहे तोवर परवाना, परवाना आहे तोवर घर. एके दिवशी आपणही दार ओढून घेऊन निघणार. ज्या दिवाणखान्यांत सतरंज्या अंथरून आपण भीमजयंत्या साजऱ्या केल्या, तेथे दुसरी कुटुंबे राहावयास येतील. झाबांच्या मागे निदान गाव उरले. आपल्यामागे तेवढेही उरणार नाही.

म्हणून आमची प्रत्येक कुटुंबास विनंती आहे. पुढच्या सुटीतील एक दिवस सोपारा, कान्हेरी किंवा त्रिरश्मीस द्यावा, आणि मुलांसमोर त्या स्थळाचे खरे नाव उच्चारावे. घरातील वडीलधाऱ्यांना गावच्या वस्तीची, विहिरीची, चाळीची हकीकत विचारून ती लिहून काढावी. येथील आपल्या पहिल्या मेळाव्यांच्या आठवणीही कागदावर उतरवाव्यात. या स्मरणिकेची पाने त्यासाठी सदैव खुली आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!