मुलींना सल्ले खूप झाले, मुलांशी कोण बोलणार?

बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं ऑगस्ट 2024 मध्ये उघड झालं. त्याच महिन्यात सुनावणीवेळी मुंबई उच्च न्यायालयाने 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' ही घोषणा फिरवून सांगितलं: मुलगी वाचवायची असेल तर मुलाला शिकवा.

पण शिकवायचं काय?

आरोपी कोण असतो?
राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार, बलात्काराच्या 95 टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता. म्हणजे तो कुणाचा तरी मित्र, भाऊ, शेजारी असतो.

मुली गप्प का राहतात?
धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीसारख्या तालुक्याच्या गावी खेड्यापाड्यांतून मुली एसटीने शिकायला येतात. स्टँडवर कुणी मागे लागलं, तर घरी सांगायची अनेकींना भीती वाटते. 'उद्यापासून कॉलेज बंद' हे ऐकावं लागलं तर? चूक त्याची, शिक्षण थांबतं तिचं.

त्या मुलाला थांबवणं सगळ्यात सोपं असतं ते त्याच्या मित्रांना. ते हसले, तर तो आणखी धीट होतो. एकजण जरी "बास कर" म्हणाला, तरी त्याचा रुबाब उतरतो.

हे कुणी करून पाहिलंय का?
हो, महाराष्ट्रातच. बायकोला मारहाण चुकीची मानणाऱ्या पुरुषांनी पुढे यावं, अशी जाहिरात 1991 मध्ये मुंबईत एका पत्रकाराने दिली. 205 पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातूनच 1993 मध्ये 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज' म्हणजे 'मावा' ही संस्था उभी राहिली. 2006 पासून पुण्यात 'युवा मैत्री' उपक्रम सुरू झाला. त्यात कॉलेजच्या निवडक मुलांना शिबिरांत तयार केलं जातं. संमती, लैंगिकता, मर्दानगी यांवर ती मुलं पुढे आपल्या मित्रांशी बोलतात, पथनाट्यं करतात.

कायदा काय सांगतो?
मुलीने नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा मागे लागणं किंवा तिच्यावर ऑनलाइन पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास 3 वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण कायदा येतो तो तक्रारीनंतर. मित्र मात्र त्या क्षणी तिथेच उभा असतो. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या मुलीचा चोरून काढलेला फोटो येईल, तेव्हा तो मित्र तुम्हीच असाल.