वेग मोजायचा तर आपल्या भाषेत मोजा

भाषा समजणाऱ्या आणि लिहिणाऱ्या संगणकीय मॉडेलांची जाहिरात करताना कंपन्या एक आकडा हमखास सांगतात : सेकंदाला किती टोकन. आकडा मोठा म्हणजे मॉडेल वेगवान, असे आपणही धरून चालतो. पण सातारा-सांगलीत मराठी आणि उर्दू शिकणाऱ्या मुलांच्या हाती हीच यंत्रे येणार असतील, तर हा वेग नेमका कशाचा, हे विचारायला हवे.

यंत्र आपल्यासारखे शब्द वाचत नाही. ते मजकुराचे तुकडे करते. त्या तुकड्याला टोकन म्हणतात. तुकडे कुठे पाडायचे, हे यंत्राला आधी जो मजकूर दाखवला त्यावरून ठरते आणि तो मजकूर बहुतांश इंग्रजी असतो. म्हणून इंग्रजीतला नेहमीचा शब्द एका तुकड्यात मावतो, तर ‘शाळेतल्यांनासुद्धा’सारख्या प्रत्यय लागलेल्या शब्दाच्या चिंध्या होतात.

ओपनएआय कंपनीने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणले, तेव्हा एकाच छोट्या मजकुराचे वेगवेगळ्या भाषांत किती टोकन होतात, हे स्वतःच जाहीर केले. जुन्या पद्धतीत इंग्रजीत २७, उर्दूत ८२ आणि मराठीत ९६. नव्या पद्धतीत इंग्रजीत २४, तर उर्दू आणि मराठी दोन्हींत ३३. आता हिशेब करा. यंत्र सेकंदाला ३० टोकन देते असे धरले, तर जुन्या पद्धतीत इंग्रजी वाचकाचा मजकूर एका सेकंदाच्या आत पुरा होत होता, आपल्याला मात्र तीन सेकंदांहून जास्त थांबावे लागत होते. नव्या पद्धतीत आपले काम जवळपास तिप्पट लवकर होते. गंमत अशी, की ‘सेकंदाला ३० टोकन’ हा आकडा दोन्ही वेळा तोच राहतो. आपल्यावरचा अन्यायही त्यात दिसत नाही आणि झालेली सुधारणाही दिसत नाही. शिवाय पैसे टोकनवर आकारले जातात, म्हणजे उशीरही आपल्याला आणि जास्तीचे बिलही आपल्यालाच.

इंजिनिअर म्हणतील, तुकडे पाडण्याची पद्धत एकच असेल तर दोन यंत्रांची तुलना करायला हे माप ठीक आहे. कबूल. पण वाचकाच्या पदरात किती मजकूर पडला, हे त्या मापाने कळत नाही.

हा पेच शिक्षकांना नवा नाही. एनसीईआरटीने २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांचे मूलभूत अध्ययन सर्वेक्षण केले, तेव्हा मराठी आणि उर्दूसह २० भाषांत वाचनाची गती तपासली. मिनिटाला किती शब्द वाचले, याचे निकष प्रत्येक भाषेसाठी वेगळे ठरवले. आणि नुसती गती पाहिली नाही, वाचलेले समजले का, तेही पाहिले. भराभर वाचून अर्थ न सांगणाऱ्या मुलाला आपण चांगला वाचक म्हणत नाही. मग यंत्राला तेवढी सवलत का द्यावी?

कारण वेग वाढवताना काहीतरी सोडावे लागते. २०१९ साली ‘डिस्टिलबर्ट’ हे मॉडेल आले. मूळ ‘बर्ट’पेक्षा ४० टक्के लहान, ६० टक्के वेगवान आणि तरीही भाषेची ९७ टक्के समज शाबूत, असा त्याचा दावा. पण ती ९७ टक्क्यांची परीक्षा इंग्रजीची होती. मराठीची परीक्षा मराठीतच घ्यावी लागते. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाने ‘महाबर्ट’ हे मॉडेल आणि मराठी चाचणीसाठीचे साहित्य खुले करून हा रस्ता दाखवला आहे. उर्दूचे दुखणे आणखी वेगळे. ‘एआयफॉरभारत’च्या २०२०च्या पहिल्या ‘इंडिकबर्ट’मध्ये १२ भाषा होत्या, मराठी होती, उर्दू नव्हती. नंतरच्या आवृत्तीत ती आली. जी भाषा यादीतच नाही, तिच्या वेगाची चर्चा कोण करणार?

आणि आमच्याकडची मुले तर ‘सर, उद्या हमना सुट्टी है क्या?’ असे विचारतात. मराठी, उर्दू, दखनी एकाच श्वासात. हे वाक्य यंत्राला किती वेळात आणि कितपत बरोबर कळते, यावर त्याची खरी लायकी ठरावी.

म्हणून मागणी साधी आहे. शाळांसाठी किंवा सरकारी कामासाठी असे मॉडेल घेताना चार गोष्टी मागाव्यात. एकच उतारा मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत द्यावा. साध्या मोबाईलवर, गावातल्या नेटवर्कवर चालवावा. पहिला शब्द येईपर्यंतचा आणि शेवटचा शब्द येईपर्यंतचा वेळ वेगवेगळा नोंदवावा. आणि त्याच कागदावर चुकाही लिहाव्यात. टायपिंगच्या परीक्षेत आपण इतकी वर्षे हेच करत आलो : गती मोजायची आणि चुकांचे गुण कापायचे.

उतारे निवडण्याचे आणि चुका तपासण्याचे काम कंपनीच्या कार्यालयात नीट होणार नाही. ते मिरजेच्या, कराडच्या, साताऱ्याच्या शिक्षकांना जमेल. लाल पेन आपल्याकडे आहेच, घड्याळही आहे. आपल्या भाषेची मोजपट्टी दुसऱ्याने बनवण्याची वाट बघत बसलो, तर तो त्याच्या सोयीची बनवेल.