आधी आपल्या चेंबरचं झाकण उघडू या

शेजाऱ्यांनो,

पवई तलावाकाठच्या सोसायट्यांत राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना एक खोड आहे. घरी पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना खिडकीशी न्यायचं, पडदा सारायचा आणि म्हणायचं, ‘‘बघा, इथून अख्खा तलाव दिसतो.’’ पाहुणे वा वा करतात. मग त्यांच्यातलंच कोणीतरी नाक आक्रसून विचारतं, ‘‘हा वास कसला हो?’’ आपलं उत्तर तयार असतं. ‘‘पलीकडच्या वस्तीचं पाणी येतं ना, त्याचा.’’

मीही बरीच वर्षं हेच उत्तर देत होते. हल्ली देत नाही. तुमच्यापैकी जे अजून देत असतील त्यांनी पुढचं वाचावं आणि येत्या एखाद्या रविवारी सकाळचा एक तास काढावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आधी तलावाविषयी थोडं. हा तलाव माणसांनी बांधलेला आहे. मुंबईला प्यायला पाणी हवं म्हणून मिठी नदीच्या एका उपप्रवाहावर बंधारा घातला आणि 1891 साली पवई तलाव झाला. पण त्याचं पाणी पिण्याजोगं ठरलं नाही. शेजारच्या विहार आणि तुळशी तलावांचं पाणी आजही नळाला येतं. पवईचं आरे दुग्ध वसाहतीला आणि कारखान्यांच्या वापराला जातं. साठा सुमारे 545 कोटी लिटर. पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला की ते पाणी मिठीत उतरतं आणि माहीमच्या खाडीपर्यंत जातं. 26 जुलै 2005 च्या पुरात मिठीने काय केलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना आणखी सांगायला नको. सांगायचं इतकंच, की आपल्या खिडकीतलं चित्र चौकटीपाशी संपत नाही. आपण इथे जे सोडतो ते कुर्ल्याच्या, वांद्र्याच्या लोकांच्या दारावरून जातं.

आता मूळ मुद्दा. कुठल्याही इमारतीतून दोन प्रकारचं पाणी बाहेर पडतं आणि त्याच्या वाटा वेगळ्या असतात. संडास, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये येतं, तिथून महापालिकेच्या मलवाहिनीत आणि पुढे प्रक्रिया केंद्रात जातं. गच्ची, बाल्कनी, अंगण यांवर पडलेलं पावसाचं पाणी वेगळ्या पाइपाने उतरतं, कुंपणाशेजारच्या गटारात येतं, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून तलावात. या दुसऱ्या वाटेवर कुठेही गाळणी नाही की प्रक्रिया नाही. पावसाच्या पाण्याला ती लागत नाही, म्हणून ठेवलेली नाही.

घोळ होतो तो ड्राय बाल्कनीत. जुन्या इमारतींत ही जागा कपडे वाळत घालायला आणि कुंड्या ठेवायला काढलेली असायची. म्हणून तिथल्या नहाणी ट्रॅपचं तोंड बहुतेक ठिकाणी पावसाच्या पाइपाला जोडलेलं असतं. पुढे आपण तिथे वॉशिंग मशीन ठेवलं. कोणी भांडी घासायचं सिंक बाहेर काढलं. कोणी फ्लॅटची दुरुस्ती काढली आणि मिस्त्रीने जवळ दिसला त्या पाइपात बेसिनचं पाणी सोडून दिलं. नळ चालतो, पाणी तुंबत नाही, वर कोणाची तक्रार नाही. साबणाचं, खरकट्याचं ते सगळं पाणी मात्र सरळ तलावात.

आमच्या सोसायटीत हे कळलं ते जिलबीच्या रंगामुळे. कमिटीच्या बैठकीत वासावरून वाद पेटला होता. मागच्या विंगेतल्यांचं म्हणणं, ‘‘तुम्ही तलावाचा व्ह्यू घेतलात, वासाचं तुम्हीच निस्तरा.’’ पुढच्या विंगेतल्यांचं म्हणणं, सगळा दोष वस्तीचा. आमचे प्लंबरकाका दाराशी उभे राहून ऐकत होते. ते शांतपणे म्हणाले, ‘‘वाण्याकडून खायचा रंग आणा. काय ते दिसेल.’’

रविवारी सकाळी आम्ही दोन चमू केले. काही जण खाली ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण काढून उभे राहिले. वॉचमन आणि दोन शाळकरी मुलं कुंपणाजवळच्या पावसाळी गटारापाशी. सुरुवात माझ्या घरापासून झाली, कारण रंगाची पुडी माझ्याकडे होती. बाल्कनीच्या ट्रॅपमध्ये केशरी रंग घातला, वर दोन बादल्या पाणी ओतलं आणि कठड्यावरून खाली वाकून पाहू लागले. चेंबरपाशी उभ्या असलेल्या सेक्रेटरींनी मान हलवली. काही नाही. तेवढ्यात कुंपणाकडून पोरगं ओरडलं, ‘‘काकू, इथे आलं! इथे केशरी झालं!’’

त्याच ट्रॅपला माझं वॉशिंग मशीन आठ वर्षं जोडलेलं होतं. आदल्याच दिवशी मी दोन गोधड्या धुतल्या होत्या. खाली गेले तेव्हा गटारातला केशरी पट्टा भिंतीखालच्या भोकातून पलीकडच्या नाल्याकडे सरकत होता. प्लंबरकाका काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दुपारपर्यंत आमच्या विंगेतल्या निम्म्याहून जास्त घरांचं हेच निघालं. तळमजल्यावरच्या एका घराचं तर स्वयंपाकघराचं सिंकही पावसाच्या पाइपात होतं.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या तलावात आपल्या चार बादल्यांनी काय होणार? होतं ते असं. साबणाच्या आणि खरकट्याच्या पाण्यातून, मैल्यातून, नायट्रोजन आणि फॉस्फरस तलावात उतरतात. झाडाझुडपांना ते खत. आपण कुंडीत घालतो तेच आपण तलावाला घालत असतो, रोज आणि फुकट. मूळची दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी या खतावर अशी माजते, की पोषक पाणी आणि ऊन मिळालं तर साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिच्या गालिच्याखाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे तडफडतात आणि तळाशी कुजणाऱ्या गाळाचा वास आपल्या दिवाणखान्यात येतो. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या तर अशा पाणवनस्पतींच्या मुळांनाच चिकटून श्वास घेतात. संध्याकाळी आपण धुराच्या गाडीसाठी फोन करतो. तो धूर उडणाऱ्या डासांपुरता असतो, पाण्यातल्या अळ्यांना त्याचं काहीच नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार.

महापालिका यंत्र लावून जलपर्णी काढते. काढायलाच हवी. पण खताचा पुरवठा चालू असेल तर पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा हजर. मोठ्या नाल्यांचं सांडपाणी अडवून मलवाहिनीकडे वळवणं हे महापालिकेचं काम आहे आणि ते आपण मागून घ्यायलाच हवं. मात्र मागणारा स्वतः स्वच्छ असला तर त्याच्या शब्दाला वजन येतं. वस्तीतल्या कित्येक घरांपर्यंत मलवाहिनी पोचलेलीच नाही. आपल्या दाराशी ती आहे, तिचे पैसे आपण भरतो, आणि तरी पाणी दुसऱ्याच वाटेने सोडतो. बोट दाखवण्याआधी हा फरक ध्यानात घ्यावा.

तर करायचं काय, ते क्रमाने सांगते.

पहिलं, रंगाची परीक्षा. खायचा रंग, दोन बादल्या पाणी, ओळखीचा प्लंबर आणि गटारापाशी उभं राहायला चार माणसं. एका वेळी एकाच घरात रंग घाला, नाहीतर कोणाचं पाणी कुठे आलं ते कळणार नाही. जे निघेल ते वहीत लिहा, पण नोटीस बोर्डावर नावं लावू नका. ही चूक बहुतेकांनी न कळत केलेली असते. चारचौघांत लाजवलं की माणूस दुरुस्तीला नव्हे, भांडणाला उभा राहतो.

दुसरं, दुरुस्ती नीट करा. घाईत काही सोसायट्या अख्खा पावसाचा पाइपच ड्रेनेजच्या चेंबरला जोडून टाकतात. तसं चुकूनही करू नका. जुलैत गच्चीवरचं सगळं पाणी त्या चेंबरमध्ये येईल आणि तळमजल्याच्या न्हाणीघरातून मैला वर येईल. मशीन आणि सिंकसाठी बाहेरून वेगळा पाइप खाली उतरवायचा, तो गली ट्रॅपमधून ड्रेनेजला जोडायचा आणि पावसाच्या पाइपाला फक्त पाऊस ठेवायचा. गली ट्रॅप वगळू नका, नाहीतर चेंबरचा वास पाइपातून वर चढेल.

तिसरं, पैसे. व्ह्यू कोणाचा हा वाद इथे लावू नका. पाइप इमारतीचा आहे. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.75 टक्के दराने आपण सगळेच भरतो, तो अशाच कामांसाठी. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि तिची नोटीस 14 दिवस आधी निघते. त्याच्या आधीच सेक्रेटरींना लेखी पत्र देऊन हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला लावा. ऐन वेळच्या विषयांत घुसवलात तर समोशांच्या वासात तो वाहून जाईल.

चौथं, मोठ्या संकुलांत एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करणारा संच, असतो. त्याची नोंदवही मागा. वीज वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. सांडपाणी साफ करणारे जिवाणू हवेवर जगतात. तासन्‌तास हवा बंद ठेवली तर ते मरतात आणि यंत्र नावापुरतं उरतं. बाहेर पडणारं पाणी एका काचेच्या बाटलीत घ्या. गढूळ असेल, कुबट वास येत असेल, तर ऑपरेटरला ओरडू नका; ब्लोअर बंद करायला त्याला कोणी सांगितलं ते कमिटीला विचारा.

पाचवं, तलावाला शोभेची वस्तू समजू नका. झाड व्ह्यूच्या आड येतं म्हणून ते छाटायला लावणारे सभासद दरवर्षी निघतात. शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडणं 1975 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि काठावरचं झाड आपल्याआधी बगळ्यांचं आहे. तलावात मगरी आहेत. त्या त्यांच्या जागी आहेत. त्यांना खायला टाकू नका, मुलांना फोटोसाठी काठावर उतरवू नका. बिल्डरने जाहिरातीत दाखवला तसा पायरस्ता काठावर हवा, असंही काहींना वाटतं. तलावाकाठी सायकल मार्ग करण्याचा महापालिकेचा प्रकल्प मुंबई उच्च न्यायालयाने 2022 साली बेकायदा ठरवला आणि झालेलं बांधकाम काढायला लावलं. जिथे महापालिकेला भराव घालता आला नाही, तिथे सोसायटीच्या मागच्या फाटकातून फरशा टाकण्याचा विचारही नको.

सहावं, तक्रार. आपलं घर आवरून झालं की मग नाल्याची तक्रार करा. 1916 वर फोन करून नोंदवा, जागा, वेळ आणि फोटो जपून ठेवा, तक्रार क्रमांक वहीत लिहा. चार सोसायट्यांनी एकाच नाल्याबद्दल वेगवेगळ्या तक्रारी केल्या तर त्या टाळणं कठीण जातं. आणि शक्य असेल तिथे वस्तीतल्या मंडळींनाही सोबत घ्या. नाला त्यांच्या उंबऱ्याला लागून वाहतो, आपल्यापेक्षा त्यांना त्याची घाई जास्त आहे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना विचारा, त्या नाला कुठून भरतो ते बिनचूक सांगतील.

शेवटी एक खूण सांगते. तिला रंग लागत नाही, प्लंबर लागत नाही. मुंबईत डिसेंबरात सहसा पाऊस नसतो. म्हणजे डिसेंबरात पावसाळी गटार कोरडं असायला हवं. सकाळी आठच्या सुमारास, घरोघरी कपडे धुणं चालू असतं तेव्हा, खाली उतरा आणि कुंपणाजवळच्या गटारात पाहा. पाणी वाहत असेल, फेस असेल, तर ते कोणाच्या तरी घरून येतं आहे. बहुधा आपल्याच.

आमचं काम पुरं व्हायला एक उन्हाळा गेला. तलावाचा वास काही त्याने गेला नाही, त्याला अजून बऱ्याच सोसायट्या आणि बरेच नाले बाकी आहेत. पण गेल्या डिसेंबरात मी मशीन लावून मुद्दाम खाली गेले. गटारात पिंपळाची वाळकी पानं पडली होती, आणि त्या पानांवर वॉचमनची मांजर अंगाचं मुटकुळं करून निवांत झोपली होती.

तुमच्या गटारात या डिसेंबरात काय आहे, ते पाहून या.